न पोहोचलेला ईमेल : अनुपलब्धी आणि सॉफ्टवेअरची चाचणी

गेल्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणं पाहिली. आज अनुपलब्धीकडे वळू. एखादी गोष्ट आहे हे डोळ्यांना दिसतं, धुरावरून अग्नी कळतो, इथपर्यंत ठीक. पण एखादी गोष्ट नाही, हे कशाने कळतं? 'नाही' तर कुठे दिसत नाही. आपल्याकडच्या दार्शनिकांनी या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला. आज मी त्याचं उदाहरण जुन्या ग्रंथांतून न घेता तुमच्या रोजच्या व्यवहारातून घेणार आहे. वेब ॲप्लिकेशन आपल्याला ईमेल पाठवतं. तो गेला नाही, तर ते त्या ॲप्लिकेशनला कसं कळतं? आणि कळल्यावर ते नीट वागेल की नाही, हे आधीच कसं तपासून ठेवायचं?

समोर दोन प्रकारचे श्रोते दिसताहेत. एक म्हणजे असे प्रोग्रॅम लिहिणारी तरुण मंडळी. दुसरे माझ्या वयाचे, ज्यांनी 'आपल्या ईमेलवर लिंक पाठवली आहे' हे वाक्य वाचून आधी चहा होईपर्यंत आणि मग जेवण होईपर्यंत वाट पाहिलेली आहे. पहिल्यांना वाटतं, या ज्येष्ठांना संगणक जमत नाही. गंमत म्हणजे ज्येष्ठांनाही तेच वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून ते गप्प बसतात. पुष्कळदा चूक त्या वाक्यातच असते.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे सहावं, स्वतंत्र प्रमाण मानतात. अद्वैत वेदान्तीही मानतात. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानेच कळतो की. तो वाद आज बाजूला ठेवू, कारण एक अट दोन्ही पक्षांना मान्य आहे आणि आपल्याला तीच हवी आहे. जमिनीवर घट नाही असं मी म्हणतो, कारण घट असता तर मला दिसला असता. हे 'असता तर' फार मोलाचं. खोलीत उजेड आहे, माझे डोळे शाबूत आहेत, मी त्याच बाजूला बघतो आहे, आणि घट ही दिसण्याजोगी वस्तू आहे. एवढं सगळं असेल तरच न दिसणं हे नसण्याचं प्रमाण ठरतं. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता ईमेलकडे या. बहुतेक ॲप्लिकेशनं असं धरून चालतात की एरर आली नाही, म्हणजे ईमेल गेला. अपयश दिसलं नाही म्हणून अपयश नाही, असा हा निष्कर्ष आहे. मग मीमांसकाने विचारायचा तोच प्रश्न प्रोग्रॅमरला विचारायला हवा. तुमच्या खोलीत दिवा आहे का? अपयश आलं असतं, तर तुम्हाला दिसलं असतं का?

याचं उत्तर द्यायचं तर ईमेल जातो कसा, हे थोडं खोलात बघावं लागेल. एका सर्व्हरने दुसऱ्याला पत्र देण्याची आजची पद्धत, एसएमटीपी, जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ सालच्या ऑगस्टमध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडली. नंतर तिच्यात सुधारणा होत गेल्या, २००८ साली आरएफसी ५३२१ आला, पण गाभा तोच राहिला. ही पद्धत म्हणजे एक संभाषण आहे. पाठवणारा म्हणतो, मी अमुक. समोरचा म्हणतो, बरं. पत्र अमक्याकडून आहे. बरं. अमक्याला द्यायचं आहे. इथे समोरचा म्हणू शकतो, असा कोणी आमच्याकडे राहत नाही. तसं नसेल तर तो म्हणतो, सांगा मजकूर. मजकूर संपला की पाठवणारा एका ओळीवर नुसता एक टिंब पाठवतो. मग समोरून '२५०' असा आकडा येतो, आणि व्यवहार पूर्ण होतो.

प्रत्येक उत्तराला असा तीन अंकी आकडा असतो आणि त्यातला पहिला अंक महत्त्वाचा. २ म्हणजे झालं. ३ म्हणजे पुढे बोला. ४ म्हणजे आत्ता नाही. ५ म्हणजे नाहीच. यातला चार आणि पाचमधला भेद मला विशेष वाटतो. दारावर गेल्यावर 'साहेब जेवायला बसलेत' असं उत्तर मिळणं वेगळं, आणि 'साहेब बदली होऊन गेले' असं मिळणं वेगळं. पहिल्या उत्तरावर आपण थोड्या वेळाने परत जातो. दुसऱ्या उत्तरानंतर रोज जाऊन कडी वाजवणारा माणूस त्रासदायक ठरतो. ईमेलच्या जगात नेमकं हेच होतं. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दाम '४'ने सुरू होणारं उत्तर देतात. खरा सर्व्हर परत येईल, स्पॅम पाठवणारा बहुधा येणार नाही, हा त्यांचा हिशेब. ज्या प्रोग्रॅमने 'चार'ला कायमचा नकार मानलं, त्याची चांगली पत्रं इथेच मरतात. उलट 'पाच'ला तात्पुरतं मानून मेलेल्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं, तर मोठ्या ईमेल सेवांच्या नजरेत पाठवणाऱ्याची पत जाते. मग त्याची बरी पत्रंही स्पॅममध्ये पडू लागतात. 'चार' मिळाल्यावर किती धीर धरायचा, याचंही मार्गदर्शन नियमात आहे. दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा, आणि चार-पाच दिवस प्रयत्न केल्याशिवाय हार मानू नये.

बरं, त्या २५० चा अर्थ काय? पत्र पोहोचलं, असा नाही. नियम एवढंच म्हणतो की टिंबानंतर २५० म्हटल्यावर पत्राची जबाबदारी घेणाऱ्याकडे गेली. त्याने ते पोहोचवावं, नाहीतर न पोहोचल्याचं कळवावं. म्हणजे ही टपालाच्या खिडकीवरची पावती झाली, पोचपावती झाली नाही. आपल्या पिढीला हा फरक नीट माहीत आहे. रजिस्टर एडी केल्यावर खिडकीवरची पावती पाकिटात ठेवायची आणि सहीची पोचपावती येईपर्यंत डोळे लावून बसायचं. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ असं सांगतं की पत्ता नीट लिहिला, टपालखर्च भरला आणि पत्र रजिस्टर टपालाने टाकलं, तर ते नेहमीच्या टपालाने ज्या वेळी मिळालं असतं त्या वेळी बजावलं गेलं असं धरावं, उलट सिद्ध होत नाही तोवर. 'धरावं' हा शब्द लक्षात घ्या. कायदा गृहीत धरतो आहे, आणि गृहीत खोडून काढायला जागा ठेवतो आहे. आपली ॲप्लिकेशनं धरतात, पण खोडून काढायची जागा ठेवत नाहीत.

मराठीत तर हा भेद क्रियापदांतच आहे. 'निरोप पाठवला' आणि 'निरोप पोचवला' या दोन वाक्यांत आपण कधी घोटाळा करत नाही. आईने मुलाला शेजारी पाठवलं, तर तो परत आल्यावर ती विचारते, 'दिलास का निरोप? काय म्हणाल्या काकू?' जाऊन आलो एवढ्यावर ती समाधान मानत नाही.

आणखी एक पायरी मध्ये असते. वेब ॲप्लिकेशन बहुधा तुमच्या सर्व्हरशी थेट बोलतच नाही. ते आपल्या ओळखीच्या एखाद्या मेल-सेवेकडे पत्र सोपवतं. तिने २५० म्हटलं की ॲप्लिकेशन पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पाठवलं' असं लिहून मोकळं होतं. त्या क्षणी पत्र अजून घराच्या ओट्यावरच असतं. पुढे ते परत आलं, तर परतीची सूचना वेगळ्या ईमेलच्या रूपाने येते. तिला बाउन्स म्हणतात. कधी ती मिनिटात येते, कधी चार दिवसांनी. हा बाउन्स पाठवताना स्वतःचा परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात. कारण बाउन्सच परत आला तर त्याचा बाउन्स, मग त्याचा बाउन्स, असं न संपणारं काहीतरी सुरू होईल. अनवस्था टाळण्याची ही सुंदर युक्ती आहे, कोणीही तर्कशास्त्री तिला दाद देईल.

तो बाउन्स येतो कुठे? मूळ पत्राच्या परतीच्या पत्त्यावर. आणि पुष्कळ ठिकाणी तो पत्ता 'नो-रिप्लाय' नावाचा असतो, ज्याची पेटी कोणी उघडत नाही, किंवा जी पेटी अस्तित्वातच नसते. हीच आपली अंधारी खोली. तिथे बसून 'आम्हाला तर काही तक्रार आली नाही' असं म्हणणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं, पण ते कशाचंही प्रमाण नसतं.

आता चाचणीकडे येऊ. इथे तरुण मंडळींनी थोडं अधिक लक्ष द्यावं.

प्रोग्रॅम लिहिण्याच्या चौकटी चाचणीच्या वेळी एक सोय करून देतात. पायथनमधली जँगो ही चौकट चाचणी सुरू झाली की खरी मेल-यंत्रणा आपोआप बाजूला ठेवते आणि सगळे ईमेल संगणकाच्या स्मृतीतल्या एका यादीत टाकते. रेल्समध्येही तसंच. चाचणीच्या वातावरणात पत्रं एका यादीत जमा होतात. सोय उत्तम आहे, नाहीतर चाचणी करताना खऱ्या माणसांना पत्रं गेली असती. पण या यादीचा स्वभाव बघा. ती कधीच 'नाही' म्हणत नाही. तिच्यात टाकलेलं प्रत्येक पत्र यशस्वी. म्हणजे ईमेल फसल्यावर काय करायचं, हे सांगणाऱ्या कोडच्या ओळी या सगळ्या चाचण्यांत एकदाही चालत नाहीत. हजार चाचण्या हिरव्या झाल्या तरी त्या ओळींविषयी आपल्याला काहीही कळलेलं नसतं.

याहून पुढची गोष्ट. रेल्समध्ये नवं ॲप्लिकेशन तयार केलं की विकासाच्या वातावरणातल्या सेटिंगमध्ये 'डिलिव्हरीच्या एरर वर आणू नका' असं आधीच लिहिलेलं मिळतं. जँगोमध्ये 'गुपचूप अपयशी हो' असं सांगण्याची सोय आहे, तिचं नावच तसं आहे. सुदैवाने ती मुद्दाम मागावी लागते. पीएचपीचं जुनं मेल फंक्शन 'खरं' असं उत्तर देतं ते केवळ पत्र पुढे पाठवण्यासाठी स्वीकारलं गेलं या अर्थाने, आणि तसं त्याच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं आहे. वाचतो कोण? पायथनच्या एसएमटीपी लायब्ररीचं वागणं तर विचार करायला लावणारं आहे. एकच पत्र पाच जणांना पाठवलं आणि चार पत्ते नाकारले गेले, तरी एक स्वीकारला गेला म्हणून ती लायब्ररी एरर देत नाही. नाकारलेल्या चौघांची यादी ती परत करते, म्हणजे हातात ठेवते. ती यादी उघडून बघायची की नाही, हे प्रोग्रॅमरवर. सगळेच्या सगळे नाकारले गेले तरच ती ओरडते.

म्हणून अपयशाची चाचणी करायची तर अपयश आपणच घडवावं लागतं, दुसरा मार्ग नाही. सर्वांत सोपं म्हणजे मेल पाठवणाऱ्या फंक्शनच्या जागी, बोलावल्याबरोबर एरर फेकणारं खोटं फंक्शन ठेवायचं. यावर पुष्कळ लोक थांबतात. पण यात आपल्याला सुचलेलं अपयशच तपासलं जातं, खरं अपयश अधिक विचित्र असतं. म्हणून पुढची पायरी म्हणजे खोटा मेल-सर्व्हर उभा करायचा, जो खऱ्यासारखं बोलतो आणि आपण सांगू तेव्हा ४५१ म्हणतो, ५५० म्हणतो, अर्ध्या मजकुरावर फोन ठेवतो, किंवा फोन उचलून काहीच बोलत नाही. मेलहॉग नावाच्या अशा एका साधनात 'जिम' म्हणून एक खोडकर माकड बसवलेलं आहे. ते आपल्याला हव्या त्या प्रमाणात जोडण्या तोडतं, पत्ते नाकारतं. ॲमेझॉनच्या ईमेल सेवेत खास चाचणीसाठीचे पत्ते आहेत. एकावर पाठवलं की हमखास बाउन्स येतो, दुसऱ्यावर पाठवलं की 'हा स्पॅम आहे' अशी तक्रार येते. उशिराने येणारा बाउन्स आपलं ॲप्लिकेशन ओळखतं का, हे तपासायला त्यांचा चांगला उपयोग.

जाता जाता एक सांगतो. चाचणीसाठी मनाने कुठलाही पत्ता रचू नका. तुम्ही गंमत म्हणून लिहिलेला पत्ता कोणाचा तरी खरा असू शकतो. १९९९ सालच्या आरएफसी २६०६ मध्ये यासाठी काही नावं कायमची राखून ठेवली आहेत. 'डॉट टेस्ट', 'डॉट इनव्हॅलिड', 'एक्झाम्पल डॉट कॉम' वगैरे. ती कोणाला मिळणार नाहीत.

जो फोन उचलतो आणि बोलत नाही, त्याच्याविषयी थोडं. पायथनमध्ये अशा वेळी किती थांबायचं हे आपण सांगितलं नाही, तर तो थांबूनच राहतो. मुदत नाही. म्हणजे मेल-सर्व्हर गप्प झाला की तुमचं नोंदणीचं पान गोल गोल फिरत राहतं. अशी दहा पानं अडकली की अकराव्या माणसाला साधं मुखपृष्ठही दिसत नाही. नकारापेक्षा मौन जास्त घातक, आणि चाचण्यांत सर्वांत कमी तपासलं जातं ते मौनच.

आता अपयश घडवलं. मग बघायचं काय? एरर आली की नाही, एवढंच बघणं पुरेसं नाही. त्या एररनंतर जग कोणत्या अवस्थेत उरलं, ते बघायचं. एक उदाहरण घेऊ. एका मुलीला परीक्षेचा अर्ज भरायचा आहे, आज शेवटची तारीख. ती नाव, ईमेल, पासवर्ड भरते आणि बटण दाबते. ॲप्लिकेशन तिची नोंद डेटाबेसमध्ये करतं आणि मग पडताळणीचा ईमेल पाठवायला जातं. मेल-सर्व्हर त्या क्षणी बंद. पानावर येतं, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.' ती पुन्हा तीच माहिती भरते. उत्तर येतं, 'या ईमेलची नोंदणी आधीच झाली आहे.' बरं, मग लॉगिन करते. 'आधी आपला ईमेल पडताळा.' कसा पडताळणार, लिंक तर आलीच नाही. शेवटी ती 'पासवर्ड विसरलात?' दाबते. त्या पानाचा ईमेल फक्त पडताळलेल्या खात्यांनाच जातो. सगळी दारं बंद, आणि प्रत्येक दार आपापल्या जागी बरोबर वागतं आहे! यात मुलीची काहीही चूक नाही. मेल-सर्व्हर पाच मिनिटांनी सुरूही झालेला असतो, तिचा मात्र अर्ज राहतो.

हे अपयश 'एरर आली का' असं विचारणाऱ्या चाचणीत कधीच सापडणार नाही. ती चाचणी हिरवी होईल, कारण एरर आली आणि ती पकडलीही गेली. इथे दोन अंकी चाचणी लिहावी लागते. पहिल्या अंकात सर्व्हर बंद ठेवून नोंदणी करा. दुसऱ्या अंकात सर्व्हर सुरू करून त्याच ईमेलने पुन्हा या. आत जाता आलं पाहिजे. मला कोणी ईमेल-अपयशाची एकच चाचणी निवडायला सांगितली, तर मी हीच निवडीन.

यावर उपाय म्हणून काही जण म्हणतात, ईमेल गेला नाही तर नोंदही पुसून टाका, सगळं किंवा काहीच नाही. ऐकायला बरं वाटतं. पण डेटाबेसमधली नोंद मागे घेता येते, गेलेला ईमेल मागे घेता येत नाही. क्रम उलटा झाला, ईमेल गेला आणि नोंद फसली, तर तिच्या हातात अस्तित्वात नसलेल्या खात्याची लिंक पडते. जाणती मंडळी असं करतात : नोंद आणि 'हा ईमेल पाठवायचा आहे' अशी चिठ्ठी, दोन्ही एकाच व्यवहारात डेटाबेसमध्ये लिहायच्या. मग दुसरा एक प्रोग्रॅम त्या चिठ्ठ्या उचलून सावकाश, 'चार' आणि 'पाच'चा भेद पाळत, पाठवत राहतो. आणि पानावर 'पुन्हा पाठवा' असं बटण द्यायचं. एवढं केलं तर मेल-सर्व्हर बंद असणं ही आपत्ती न राहता नुसता उशीर राहतो.

पासवर्ड विसरल्याचं पान हे मात्र फार नाजूक प्रकरण आहे, आणि नीतिशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगं. तिथे सुरक्षेचा नियम असा की खातं असो वा नसो, उत्तर एकच द्यायचं : 'या पत्त्याचं खातं असल्यास ईमेल पाठवला जाईल.' नाहीतर कोणीही परका माणूस पत्ते टाकून टाकून कोणाकोणाचं खातं आहे याची यादी करील. एखाद्या आजाराच्या रुग्णांसाठीची साइट असेल, तर ती यादी किती घातक, कल्पना करा. आता मेल-सर्व्हर बंद पडला. खातं नसेल तर ॲप्लिकेशन ईमेल पाठवायला जातच नाही, म्हणून एररही नाही. खातं असेल तर ते पाठवायला जातं आणि एरर दिसते. म्हणजे प्रामाणिकपणे दाखवलेल्या एररनेच गुपित फोडलं! इथे चाचणी दोनदा करायची, खात्याच्या पत्त्याने एकदा आणि बिनखात्याच्या पत्त्याने एकदा, दोन्ही वेळा सर्व्हर बंद ठेवून. आलेली दोन्ही पानं शब्दशः सारखी असली पाहिजेत, आणि यायला लागलेला वेळही साधारण सारखा. सत्य तर सांगायचं आहे, पण कोणाला सांगायचं? एरर लॉगमध्ये लिहावी, व्यवस्थापकाला कळवावी. पानावर मात्र सर्वांना एकच वाक्य द्यावं, 'दहा मिनिटांत ईमेल दिसला नाही तर पुन्हा विनंती करा.' हे खोटं नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच ते सांगतं.

एक अपयश असं आहे की त्याला चोख उत्तरच नाही. टिंब पाठवलं, आणि २५० यायच्या आत जोडणी तुटली. पत्र गेलं की नाही? समोरच्याने स्वीकारलं असेल आणि त्याचं उत्तर वाटेत हरवलं असेल. किंवा स्वीकारलंच नसेल. १९७५ साली अक्कोयुन्लू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी दाखवून दिलं की बेभरवशाच्या वाटेवरून कितीही निरोपांची देवाणघेवाण केली, तरी दोघांचं एकमत झाल्याची दोघांनाही खात्री होईल असा प्रकार शक्य नाही. पुढे याला दोन सेनापतींचा प्रश्न असं नाव पडलं. ईमेलपुरतं बोलायचं तर १९८८ च्या आरएफसी १०४७ मध्ये हीच अडचण मांडली आहे. शंका असेल तेव्हा पुन्हा पाठवलं तर पत्र दोनदा जाऊ शकतं, आणि नाही पाठवलं तर एकदाही जाणार नाही. म्हणून नियम सांगतो की टिंबानंतरच्या उत्तरासाठी दहा मिनिटं तरी थांबा. वेब पान दहा मिनिटं थांबू शकत नाही, आणि त्यासाठीच ते काम मागच्या प्रोग्रॅमकडे द्यायचं. मग चाचणीत हे ठरवावं लागतं की कोणतं पत्र दोनदा गेलेलं चालेल. पडताळणीची लिंक दोनदा आली तर काही बिघडत नाही. 'आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली' हे पत्र दोनदा आलं, तर रात्रीची झोप उडते.

आता प्रश्न असा येतो की चाचणी बरोबर आहे हे कशावरून? पॉपर यांनी विज्ञानाविषयी सांगितलं तेच इथे लागू करता येईल. जी चाचणी कोणत्याही परिस्थितीत फसू शकत नाही, ती काही सांगतच नाही. करून बघा. एरर हाताळणाऱ्या चार ओळी तात्पुरत्या पुसा आणि चाचणी चालवा. ती लाल झाली, तर तिच्या हिरव्या रंगाला अर्थ आहे. तरीही ती हिरवीच राहिली, तर ती अंधाऱ्या खोलीतली चाचणी. मग त्या पुसण्याची चाचणी कोण करणार, असं कोणी विचारील. हा आपला जुनाच वाद, ज्ञान स्वतःप्रमाण की परतःप्रमाण. उदयनाचार्यांनी शंकेला मर्यादा घातली ती व्यवहारातल्या व्याघाताची. जी शंका खरी मानली तर स्वतःचं वागणंच अशक्य होईल, तिथे शंका थांबवावी. प्रोग्रॅमरने एवढं मानायला हरकत नाही.

मी इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

[श्रोत्यांतून प्रश्न : ईमेलमध्ये एक बारीक चित्र घालून तो उघडला की नाही हे कळतं. मग पोहोचल्याची खात्री त्यावरून करता येणार नाही का?]

चांगला प्रश्न. पूर्वी काही अंशी करता येत होती. पण जीमेल २०१३ पासून चित्रं आपल्या सर्व्हरमार्फत दाखवतं. आणि ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की ती चालू असेल तर, माणसाने पत्र उघडो वा न उघडो, चित्र आधीच आणून ठेवलं जातं. म्हणजे 'उघडलं' अशी नोंद होईल आणि कोणी उघडलेलं नसेल. शिवाय माणसाला न सांगता तो पत्र कधी वाचतो यावर पाळत ठेवणं मला पसंत नाही, पण ते असो. त्यापेक्षा लिंक दाबली गेली, हे जास्त भक्कम प्रमाण. त्यातही एक खाच आहे. काही कार्यालयांतली सुरक्षा-यंत्रणा पत्र माणसाला दाखवण्याआधी त्यातल्या लिंक स्वतः उघडून बघते. तुमची लिंक एकदाच चालणारी असेल, तर ती त्या यंत्राच्याच हातून वापरून संपते. मग माणूस येतो तेव्हा त्याला 'लिंकची मुदत संपली' असं दिसतं. म्हणून लिंक उघडल्याबरोबर काम पूर्ण करू नये. उघडलेल्या पानावर 'होय, हा माझाच ईमेल' असं एक बटण ठेवावं आणि ते दाबल्यावरच पडताळणी झाली असं मानावं. याचीही चाचणी लिहायची : लिंक दोनदा नुसती उघडायची, तिसऱ्यांदा उघडून बटण दाबायचं, आणि ते चालतं का बघायचं.